‘क्लोमन्’ शब्दाच्या अर्थाचें परीक्षण

वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनीं आपल्या संग्रहाची सूची तयार करून ती आमच्याकडे पाहण्यासाठीं पाठविली. सूची मेहनतीनें केलेली आहे. पत्रसंख्या, लेखनकाल, लिपि, कागदाची स्थिति हें सर्व यथास्थित आहे. परंतु ‘विशेष शब्द’ म्हणून जें सदर त्यांनीं घातलें आहे, त्यांत शारीरस्थानाच्या तीन पोथ्यांपुढें ‘क्लोम (स्वादुपिंड)’ असें आहे, आणि चौथ्या पोथीपुढें, ती वेदाची म्हणून कीं काय, ‘क्लोमन् (उजवें फुफ्फुस)’ असें आहे. एकाच सूचींत एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही निःशंकपणें कंसांत बसविलेले! हा दोष त्या गृहस्थांचा नव्हे. पहिला अर्थ गेल्या शतकांतील शारीरावरील देशी पाठ्यपुस्तकांतून आलेला आहे. दुसरा बोटलिंक व रोथ यांच्या सेंट पीटर्सबर्गच्या महाकोशांतून (१८५५–१८७५) मोनियर विल्यम्सच्या कोशांत (१८९९) व तेथून सर्वत्र पसरलेला आहे. पाठ्यपुस्तकें लिहिणारांनीं कोश उघडला नाहीं आणि कोश वापरणारांनीं सुश्रुत उघडला नाहीं, म्हणून दोन्ही अर्थ एकमेकांच्या शेजारीं सुखानें नांदत आहेत. हिंदींतील शास्त्रीय पुस्तकें तर माशाच्या कल्ल्यांस क्लोम म्हणतात. तो नवा संकेत आहे, त्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं.

प्रश्न केवळ कोशाचा असता तर आम्हीं पत्रानें उत्तर धाडून विषय संपविला असता. परंतु या एका शब्दावर पुष्कळ कांहीं रचलें गेलें आहे. क्लोम म्हणजे स्वादुपिंड. क्लोम हें पिपासेचें स्थान. मधुमेहांत पिपासा असते. म्हणून स्वादुपिंड व मधुमेह यांचा संबंध आमच्या आचार्यांस ठाऊक होता, अशी अनुमानपरंपरा व्याख्यानांतून व लेखांतून आजहि ऐकूं येते. पूर्वजांचा गौरव कोणास नको आहे? पण तो गौरव एका अनिर्णीत शब्दाच्या आधारावर उभा करणें म्हणजे वाळूवर देऊळ बांधणें होय. म्हणून शब्दाचाच विचार मुळापासून केला पाहिजे.

मूळ म्हणजे वेद. अथर्ववेदाच्या २ऱ्या कांडांतील ३३व्या सूक्तांत यक्ष्मा घालविण्यासाठीं एकेक अवयव उच्चारिला आहे. तेथें हृदयाच्या लगेच पाठोपाठ क्लोमन् येतो, नंतर हलीक्ष्ण, दोन्ही पार्श्वें, मतस्ने, प्लीहा व यकृत्. ९व्या कांडाच्या ८व्या सूक्तांत उदर, क्लोमन्, नाभि व हृदय अशी योजना आहे. तिच्यावरून स्थान ठरत नाहीं, कारण क्रम खालून वर जातो कीं वरून खालीं, हेंच तेथें कळत नाहीं. परंतु १०व्या कांडाच्या ९व्या सूक्तांत जी शतौदना गाय आहे, तिच्या अवयवांची यादी अशी सैल नाहीं. १५व्या मंत्रांत क्लोमन्, हृदय, पुरीतत् व कंठिका हे चार एकत्र आहेत. आणि १६व्यांत यकृत्, मतस्ने, आंत्र व गुदा. पहिल्या मंत्रांतील जे तीन अवयव ओळखतां येतात ते छातीचे व कंठाचे, दुसऱ्यांतील उदराचे. गाय कापतांना शमित्याच्या हातीं अवयव ज्या क्रमानें येत असतील तोच क्रम सूक्तकाराच्या मुखीं आला आहे. क्लोमन् जर यकृताच्या खालचा एखादा गोळा असता तर तो १६व्या मंत्रांत यकृताशेजारीं यावयास पाहिजे होता. तो आला आहे हृदय व कंठिका यांच्या पंक्तीस. या एका साक्षीचें मोल आम्ही पुढच्या दहा टीकाकारांपेक्षां अधिक समजतों. आणि मतस्ने या द्विवचनी शब्दाचा अर्थ फुफ्फुसें असावा असा जो तर्क कधीं कधीं केला जातो, त्यासहि याच मंत्रानें उत्तर मिळतें. मतस्ने येथें आंत्राच्या शेजारीं बसलीं आहेत.

आतां वाजसनेयि संहिता. १९व्या अध्यायाच्या ८५व्या मंत्रांत इंद्राचें शरीर पुन्हां घडविलें जात आहे. हृदय, यकृत्, क्लोमन्, मतस्ने आणि पित्त अशीं नांवें त्यांत आहेत. शतपथाच्या १२व्या कांडांत याच अवयवांस पुरोडाश व पात्रें वांटून दिलीं आहेत; यकृत् सवित्याच्या पुरोडाशास, क्लोमन् वरुणाच्या, आणि पित्त वडाच्या पात्रास. येथें ध्यानांत घेण्यासारखें इतकेंच कीं पित्त व क्लोमन् हीं वेगळीं मोजलीं आहेत. वेदांतल्या या ‘पित्ता’चा अर्थ पित्तद्रव्य करा किंवा पित्ताची पिशवी करा, क्लोमन् तेंच नव्हे हें उघड आहे. महीधरानें या मंत्रावर क्लोमन् म्हणजे गळ्याची नाडी असा अर्थ दिला आहे. महीधर सोळाव्या शतकाचा, म्हणजे फार अर्वाचीन. तरी त्याच्या या अर्थास पुढें एका अनपेक्षित ठिकाणाहून आधार मिळतो, तो यथास्थळीं सांगूं.

त्याच संहितेचा २५वा अध्याय आमच्या विषयास सर्वांत उपयोगी आहे, आणि आश्चर्य असें कीं या वादांत त्याचा म्हणावा तसा उपयोग कोणीं केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तेथें अश्वमेधाच्या घोड्याचे अवयव देवतांस व सृष्टींतील वस्तूंस वांटले आहेत. ८व्या मंत्रांत क्लोमन् शब्द बहुवचनीं येतो व त्याच्या वांट्यास ‘वल्मीक’ म्हणजे वारुळें आलीं आहेत. बृहदारण्यकाच्या आरंभीं जें अश्वाचें विश्वरूप वर्णिलें आहे तेथेंहि यकृत् व ‘क्लोमानः’ यांस पर्वत म्हटलें आहे. पुन्हां बहुवचन, आणि पुन्हां घोडाच. गाय, मनुष्य व इंद्र यांच्या बाबतींत एकवचन, घोड्याच्या बाबतींत बहुवचन, असा हा विभाग आहे. शंकराचार्यांनीं या उपनिषद्वाक्यावर भाष्य करतांना यकृत् व क्लोमन् हे हृदयाच्या खालचे उजवे व डावे मांसखंड असें सांगून, क्लोमन् शब्द एकाच वस्तूस नित्य बहुवचनीं वापरतात असें म्हटलें आहे. आचार्यांविषयीं पूर्ण आदर ठेवूनहि म्हणावें लागतें कीं हें ‘नित्य’ टिकत नाहीं. अथर्ववेदांतील व वाजसनेयि संहितेच्या १९व्या अध्यायांतील एकवचनें समोर आहेत. भाष्यकारांस वस्तु प्रत्यक्ष ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनीं बहुवचनाची सोय व्याकरणानें लावली.

घोड्याविषयीं एक गोष्ट पशुवैद्यांस सर्वश्रुत आहे, पण संस्कृतज्ञांस सहसा माहीत नसते. घोड्यास पित्ताची पिशवी नसते. गाईस असते, शेळीमेंढीस असते, मनुष्यास असते. घोड्याच्या यकृतांतून पित्त नळीनें थेट आंतड्यांत उतरतें. ज्यांनीं शेंकडों वर्षें अश्वमेधाची परंपरा चालविली, ज्यांच्या यज्ञांत शमिता घोड्याचें पोट फाडून एकेक अवयव नांवानें मोजीत असे, त्यांनीं घोड्यास नसलेला अवयव त्याच्या यादींत, तोहि अनेकवचनीं, घातला असेल हें संभवत नाहीं. म्हणजे क्लोमन् = पित्ताशय हा जो तिसरा पक्ष आहे, तो वेदापुरता तरी येथेंच बाद होतो. उलट फुफ्फुस मानलें तर बहुवचन हें त्याच्या खंडांचें किंवा दोन्ही बाजूंच्या फुफ्फुसांचें होईल. आणि वारुळाची उपमाहि सार्थ होते. खाटकाच्या दुकानांत कापलेलें फुफ्फुस ज्यानें पाहिलें असेल त्यास त्याचा जाळीदार, भोंकाभोंकांचा काप वारुळाची आठवण करून देईल. उपमेवरून वस्तु सिद्ध होत नाहीं हें आम्ही जाणतों. पण सिद्ध झालेल्या वस्तूस ती शोभते.

आतां वैद्यकग्रंथांकडे वळूं. सुश्रुताच्या शारीरस्थानाच्या ४थ्या अध्यायांत हृदयाचें वर्णन झाल्यावर त्याच्या खालीं डावीकडे प्लीहा व फुफ्फुस, उजवीकडे यकृत् व क्लोम, असें स्थान सांगितलें आहे. या वाक्याची रचना तराजूसारखी आहे. प्लीहेच्या समोर यकृत् आणि फुफ्फुसाच्या समोर क्लोम. पोटांतील जोडी एक, छातींतील जोडी एक. महाकोशांतील ‘उजवें फुफ्फुस’ हा अर्थ याच वाक्यावर उभा आहे, व सुश्रुतापुरता तो बरोबर आहे असें आमचें मत झालें आहे. एकाच प्रकारच्या दोन अवयवांस दोन वेगळीं नांवें कशीं, असा आक्षेप येथें घेतला जातो. पण उजवें फुफ्फुस तीन खंडांचें व डावें दोन खंडांचें असतें, आकारानेंहि दोन्हींत फरक असतो. आणि ‘फुफ्फुस’ हा शब्द जुन्या वेदांत कोठें नाहीं. तो मागाहून आलेला, ध्वनीवरून बनलेला शब्द आहे. जुना शब्द एका बाजूस व नवा दुसऱ्या बाजूस स्थिर होण्याची ही मधली अवस्था सुश्रुतांत टिकून राहिली आहे.

याहून बळकट पुरावा त्याच स्थानाच्या ५व्या अध्यायांत आहे. तेथें शरीरांतील संधींची गणना आहे. कंठांत तीन संधि सांगून पुढें हृदय व क्लोम यांस जोडलेल्या नाड्यांत अठरा संधि सांगितले आहेत. आणि संधींचे आठ प्रकार वर्णितांना कंठ, हृदय, नेत्र व क्लोमनाडी येथील संधि ‘मंडल’ म्हणजे वर्तुळाकार आहेत असें म्हटलें आहे. ज्या नाडीस वर्तुळाकार सांधे आहेत, जी कंठाखालून निघते व जिच्यावर अशीं अठरा वलयें मोजतां येतात, ती शरीरांत एकच आहे, व ती म्हणजे श्वासनलिका. मनुष्याच्या श्वासनलिकेस कूर्चेचीं वलयें सामान्यतः सोळा ते वीस असतात. शेळीमेंढीच्या नलिकेंत तीं याच्या दुपटीहूनहि अधिक असतात. म्हणजे अठराचा आंकडा यज्ञपशूवरून घेतलेला नाहीं, मनुष्यदेह पाहूनच घेतलेला आहे. आणि ती नाडी ज्यास जोडलेली तें क्लोम फुफ्फुसाखेरीज दुसरें काय असणार? स्वादुपिंडास किंवा पित्ताशयास वलयांची नळी कोठून आणावयाची? महीधराच्या ‘गळ्याची नाडी’ या अर्थास आधार मिळतो तो येथें. क्लोम व क्लोमनाडी यांचा निकट संबंध असल्यामुळें नांव एकावरून दुसऱ्यावर सरकलें, इतकेंच. निर्णयसागर छापखान्याच्या, यादवजी त्रिकमजी आचार्यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादिलेल्या सुश्रुतांत हीं दोन्ही स्थळें जिज्ञासूंनीं स्वतः पाहावीं. चौथा अध्याय उद्धृत करणारे पुष्कळ आहेत. पांचवा अध्याय मात्र हाडांच्या संख्येसाठींच उघडला जातो.

आतां विरुद्ध पक्षाचें जें मुख्य बळ, त्या पिपासेचा विचार करूं. चरकाच्या विमानस्थानाच्या ५व्या अध्यायांत उदकवह स्रोतसांचें मूळ तालु व क्लोम असें सांगितलें आहे. सुश्रुतहि तेंच सांगतो. अंतर्विद्रधीच्या लक्षणांत चरकानें क्लोमज विद्रधीस पिपासा, मुखशोष व गलग्रह हीं लक्षणें दिलीं आहेत. चक्रपाणि क्लोमास पिपासास्थान म्हणतो. येथवर सर्व खरें आहे. पण या स्थळांत क्लोमाचे सोबती कोण आहेत तें पाहा. विमानस्थानांत तालु, विद्रधींत मुख व गळा, आणि चिकित्सास्थानाच्या २२व्या अध्यायांत तृष्णेची संप्राप्ति सांगतांना जिव्हामूल, गल, तालु व क्लोम अशी मालिका आहे. जिभेच्या मुळापासून निघून टाळू व गळा यांवरून उतरणारा वाचक शेवटीं जठराच्या मागें दडलेल्या स्वादुपिंडापर्यंत एकदम उडी कशी मारील? गळ्याच्या खालीं लागतें तें क्लोमनाडीसह क्लोमच. धांवून आलेल्या मनुष्याचा घसा तोंडानें श्वास घेतां घेतां कोरडा पडतो व त्यास पाणी लागतें, हा अनुभव आबालवृद्धांचा आहे. आचार्यांनीं तृष्णेचें स्थान त्या वाटेवर ठेवलें यांत नवल तें कोणतें?

एक आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. चरकाच्या त्याच विद्रधिप्रकरणांत कास व श्वास हीं लक्षणें हृदयज विद्रधीचीं म्हणून आलीं आहेत, यकृताच्या विद्रधींत श्वास आहे, प्लीहेच्या विद्रधींत उच्छ्वासाचा अवरोध आहे. क्लोमाच्या विद्रधींत मात्र यांपैकीं कांहींच नाहीं. क्लोम जर फुफ्फुस, तर खोकला त्याच्याच वांट्यास यावयास नको काय? याचें उत्तर चरकाच्या स्वतःच्या व्यवस्थेंत आहे. चरक प्राणवह स्रोतसांचें मूळ हृदय व महास्रोतस् मानतो. त्याच्या मतें श्वासाचा स्वामी हृदय आहे, म्हणून श्वासाचे विकार हृदयाच्या नांवावर पडतात. शिवाय शारीरस्थानाच्या ७व्या अध्यायांतील पंधरा कोष्ठांगांची त्याची यादी वाचावी. नाभि, हृदय, क्लोम, यकृत्, प्लीहा, वृक्क, बस्ति येथपासून वपावहनापर्यंत सर्व आहे, पण फुफ्फुस नाहीं. वपावहनासारखा मेदाचा अवयव ज्यानें मोजला त्यास छातीचा सारा पोकळ भाग व्यापणारा एवढा मोठा अवयव दिसला नाहीं, असें कोणी म्हणूं शकेल काय? दिसला होता, त्याचें नांव त्या यादींत क्लोम आहे, व तें हृदयाच्या लगेच पुढें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या ३ऱ्या अध्यायांतील देहवर्णनांतहि हीच स्थिति आहे. तेथेंहि नाभि, क्लोम, यकृत्, प्लीहा आहेत, फुफ्फुस नाहीं.

स्वादुपिंडाच्या पक्षाविषयीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे तो विषय संपेल. सुश्रुतानें प्रेत तपासण्याची जी रीत सांगितली आहे ती अशी कीं, प्रेत मुंजादिकांनीं वेष्टून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत एकांत स्थळीं कुजूं द्यावें, आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, वेळू वगैरेंच्या कुंच्यानें हळूहळू घासून एकेक थर पाहावा. स्वादुपिंड हा मऊ अवयव आहे. त्यांत अन्न पचविणारे रस असल्यामुळें मृत्यूनंतर तो स्वतःच्याच रसानें विरघळूं लागतो, व सर्व अवयवांत तो लवकर नष्ट होणाऱ्यांपैकीं आहे. सात दिवस पाण्यांत राहिलेल्या देहांत कुंच्यानें घासणाऱ्यास तो सांपडण्याचा संभव अत्यल्प. श्वासनलिकेचीं कूर्चेचीं वलयें मात्र सांपडणारच, आणि तीं सांपडलींहि. दुसरें असें कीं, सुश्रुत क्लोमास उजवीकडचें म्हणतो. स्वादुपिंड पाठीच्या कण्यासमोर आडवें पडलेलें असून त्याचें डोकें तेवढें उजवीकडे व बाकीचें अंग डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलें असतें. मधुमेहाची गोष्ट तर याहूनहि दूरची. स्वादुपिंड काढून टाकल्यानें कुत्र्यास मधुमेह होतो हें मेरिंग व मिंकोव्स्की यांनीं १८८९ मध्यें दाखविलें. १९२१ मध्यें बँटिंग व बेस्ट यांनीं टोरोंटो येथें इन्सुलिन मिळविलें. त्याच्या आधीं युरोपांतील वैद्यांसहि हा संबंध निश्चित ठाऊक नव्हता. आमचे आचार्य प्रमेहाच्या निदानांत मेद, क्लेद व बस्ति यांचा विस्तारानें विचार करतात. क्लोमास ते रोगाचें मूळ म्हणून पुढें आणीत नाहींत. ज्या गोष्टीचें श्रेय त्यांनीं कधीं मागितलें नाहीं तें त्यांच्या गळ्यांत घालणें हा त्यांचा सन्मान नव्हे. गोड मूत्राची त्यांनीं केलेली पारख स्वतःच्या बळावर उभी आहे.

मग पित्ताशयाचा पक्ष आला कोठून? तो टीकाकारांतून आला, व त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. अमरकोशाच्या मनुष्यवर्गांत क्लोमास ‘तिलक’ हा पर्याय दिला आहे. सुश्रुताचा टीकाकार डल्हण, बाराव्या शतकांतला, क्लोम म्हणजे यकृताच्या खालीं उजव्या बाजूस असलेलें, ‘तिलक’ म्हणून प्रसिद्ध असलेलें, असें सांगतो. शार्ङ्गधर तर क्लोम शब्दच सोडून देऊन ‘तिल’ म्हणतो व त्यास जलवाहिनी शिरांचें मूळ ठरवितो. विज्ञानेश्वर याज्ञवल्क्यावरील मिताक्षरेंत क्लोम हा उजव्या कुशीतला मांसपिंड एवढेंच सांगून मोकळा होतो. या सर्वांस क्लोम कोठें असावें याचें सुश्रुताचें वाक्य तोंडपाठ होतें, पण वस्तु डोळ्यांपुढें नव्हती. सुश्रुतानें उजवीकडे यकृताच्या जोडीला क्लोम सांगितलें. फुफ्फुस हें नांव तोंवर दोन्ही बाजूंच्या फुफ्फुसांचें झालें होतें. म्हणून क्लोमासाठीं यकृताशेजारीं एखादी लहान, तिळासारखी वस्तु शोधणें प्राप्त झालें. यकृताच्या खालच्या अंगास चिकटलेली काळसर हिरवी पित्ताची पिशवी त्यांस सांपडली असावी. म्हणजे डल्हणाच्या काळीं क्लोम = पित्ताशय हा अर्थ कदाचित् खराहि असेल; पण तो डल्हणाच्या काळाचा, सुश्रुताच्या काळाचा नव्हे. शंकराचार्य यकृत् व क्लोम उजवे-डावे सांगतात, डल्हण व विज्ञानेश्वर दोन्ही उजवीकडे सांगतात; थोर थोर टीकाकारांत दिशेचीच एकवाक्यता नाहीं, त्यांच्या साक्षीवर वेदाचा अर्थ कसा लावावा?

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानांत कोष्ठांगें मोजतांना हृदय, क्लोम, फुफ्फुस असा क्रम ठेवला आहे. तो संग्राहक वृत्तीचा. चरकाकडून क्लोम घेतलें, सुश्रुताकडून दोन्ही घेतलीं, आणि शेजारीं मांडून पुढें गेला. या शेजारामुळेंच क्लोम म्हणजे फुफ्फुसाहून अगदीं भिन्न असें कांहींतरी असलें पाहिजे, हा समज पुढच्यांत रुजला असें आम्हांस वाटतें.

अशीच गति या शब्दास आणखी एका भाषेंत मिळाली आहे, आणि तिकडे आमच्या वैद्यकाच्या अभ्यासकांचें लक्ष क्वचितच जातें. बौद्धांच्या पालि ग्रंथांत देहाच्या बत्तीस भागांची यादी आहे. तिच्यांत हृदय, यकन, किलोमक, पिहक व पप्फास असे शब्द ओळीनें येतात. किलोमक म्हणजे आमचें क्लोम, पप्फास म्हणजे फुफ्फुस. येथेंहि दोन्ही वेगळीं. पण बुद्धघोषानें विसुद्धिमग्गाच्या ८व्या परिच्छेदांत किलोमकाचा अर्थ एक पांढरें, वस्त्रासारखें आवरण असा केला आहे. त्याचा एक प्रकार हृदय व वृक्क यांस झांकणारा आणि दुसरा सर्वांगीं कातड्याखालीं मांसास झांकणारा. फुफ्फुस हें नांव नव्या शब्दानें घेतल्यावर जुना शब्द वैद्यांकडे यकृताखालीं गेला व भिक्षूंकडे आवरणावर गेला. मूळ घर दुसऱ्यानें बळकावलें म्हणजे जुना मालक मिळेल त्या ओसरीवर राहतो, तसें हें झालें आहे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीं संपादिलेला विसुद्धिमग्ग नागरी लिपींत भारतीय विद्याभवनानें १९४० मध्यें मुंबईस छापला आहे, तेव्हां हें स्थळ पाहण्यास कोणास अडचण पडूं नये.

व्युत्पत्तीविषयीं शेवटीं थोडें. ग्रीक ‘प्लेउमोन्’ व लॅटिन ‘पुल्मो’ हे फुफ्फुसवाचक शब्द आणि आमचा क्लोमन् हे एकाच मुळाचे, पहिल्या ओष्ठ्य वर्णाचा पुढच्या मकारामुळें ककार झाला, असें तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळ धातु ‘प्लु’ म्हणजे तरंगणें, कारण फुफ्फुस पाण्यावर तरंगतें. हें वेदांतील अर्थाशीं उत्तम जुळतें. तरी आम्हीं तें मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. व्युत्पत्ति शब्दाचें जन्मस्थान सांगते, तो पुढें कोठें राहावयास गेला तें सांगत नाहीं. नुसत्या व्युत्पत्तीवरून डल्हणाच्या पोथींतील क्लोमास फुफ्फुस म्हणूं लागलों तर आम्ही पाठ्यपुस्तकवाल्यांचीच चूक उलट बाजूनें करूं.

तेव्हां संग्राहकांनीं व सूचीकारांनीं काय करावें? आमची सूचना अशी कीं कंसांत आधुनिक नांव घालण्याची संवय या शब्दापुरती तरी सोडावी. पोथी संहितेची किंवा ब्राह्मणाची असेल तर ‘फुफ्फुस’ हा अर्थ, घोड्याचें प्रकरण असल्यास बहुवचनाच्या उल्लेखासह, टिपांत द्यावा. चरक व सुश्रुत यांच्या मूळ पाठास ‘फुफ्फुस, विशेषतः उजवें, क्लोमनाडी म्हणजे श्वासनलिका’ असें लिहावें. टीका असेल तर टीकाकाराचाच शब्द, तिलक किंवा मांसपिंड, जसाच्या तसा उतरून घ्यावा व त्याचा अर्थ आपण ठरवूं नये. शार्ङ्गधराच्या पोथ्यांत ‘तिल’ शब्दाशेजारीं समासांत लेखकानें किंवा नंतरच्या वैद्यानें देशी भाषेंत कांहीं लिहिलें असल्यास तें अवश्य उतरावें. मराठी वैद्यांनीं बाळबोधींत किंवा मोडींत लिहिलेल्या अशा बारीक टिपा छापील आवृत्तींत येत नाहींत, आणि एका शब्दाचा शेवटचा जिवंत अर्थ बहुधा त्यांतच उरलेला असतो.

यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर लिहिलेली आयुर्वेदरसायन ही टीका संपूर्ण उपलब्ध नाहीं. ती देवगिरीच्या दरबारांत, आमच्याच प्रांतांत लिहिली गेली. डल्हणानंतरच्या शतकांतला, ग्रंथसंग्रहाचें अफाट साधन हाताशीं असलेला हा पंडित हृदय, क्लोम व फुफ्फुस या तीन शब्दांवर काय लिहितो, हें पाहण्याची आमची फार इच्छा आहे. शारीरस्थानाच्या ३ऱ्या अध्यायावरील त्याच्या टीकेचें एखादें सुटें पत्र जरी कोणा वाचकाच्या दप्तरांत निघालें, तरी त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. पत्राचा क्रमांक व दोन्ही बाजूंच्या ओळींची संख्या नकलेवर नोंदलेली असावी.